बाईंची अकरा वर्षं

४ फेब्रुवारी, मंगळवार

बाई जाऊन आज चार आठवडे झाले आणि आज पहिल्यांदा मी रडले नाही, कारण रडायला सवडच मिळाली नाही. काय दिवस गेला! हात अजून शिवशिवतोय, म्हणून ही वही काढली. तीन वर्षांपूर्वी लेकीने वाढदिवसाला दिली होती, कोरीच पडून होती.

आज वर्गाची सभा झाली. आमचा वर्ग म्हणजे वाचनालयाच्या तिसऱ्या मजल्यावरची खोली, मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते सात. बाईंनी तिथे एकतीस वर्षं इटालियन शिकवलं. मी त्यातली नऊ वर्षं. मी तिथे गेले कशी, हा घरचा जुना विनोद आहे. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, फ्रेमच्या मापाने कडा कापते. नऊ वर्षांपूर्वी मालकांनी हौसेने इटलीहून यंत्र मागवलं आणि सोबत आलेलं पुस्तक निघालं फक्त इटालियनमध्ये. मालक म्हणाले, "तू जरा शिकून घे की. महिन्याभरात होईल." त्या महिन्याला आता नऊ वर्षं होतील.

सभेचे अध्यक्ष अर्थातच दातवाले डॉक्टर. ते सोळा वर्षं वर्गाला येताहेत आणि अजून प्रत्येक वाक्य 'आ करा' म्हटल्यासारखं बोलतात. ठरलं असं: २ मार्चला, रविवारी, वाचनालयाच्या सभागृहात बाईंची आठवण-सभा. त्यात बाईंचं चरित्र इटालियनमध्ये वाचायचं, दहा मिनिटं. ते लिहायचं आणि वाचायचं कोणी? मी! मी आणि चरित्र! मला मापं लिहायची सवय, माणसं नाही.

दुसरं काम त्याहून मोठं. ग्रंथपालांचं पत्र आलंय. २ मार्चपर्यंत 'अनुभवी आणि सुयोग्य' शिक्षक मिळाला नाही, तर खोली विणकामाच्या वर्गाला जाणार. तो शिक्षक शोधायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. "काचताई, तुम्हाला सगळं बारीक दिसतं," असं गाणारी म्हणाली. गाणारी म्हणजे आमच्या वर्गातली वृंदगानात गाणारी मुलगी. मला काचताई हे नाव तिनेच पाडलं.

मी शोधणारच. वर्ग बंद पडला तर बाई दुसऱ्यांदा जातील, असं मला वाटतं.

७ फेब्रुवारी

आज शुक्रवार. शिक्षक मिळेपर्यंत वर्ग भरवत राहायचं ठरलंय, नाहीतर खोलीची सवय मोडते. कुलूप मी उघडते. शेवटच्या वर्षी जिना चढवेना तेव्हा बाईंनी किल्ली माझ्याकडेच दिली होती. खरं सांगायचं तर त्या वर्षी मला बाईंचा थोडा रागच यायचा. मला नवीन काही शिकवेनात. नुसतं आपलं 'ह्यांच्या वह्या बघून दे', 'नवीन आलेल्यांना क्रियापदं तू सांग, माझा घसा बसलाय'. मी मनात म्हणायचे, फी मी भरते आणि हमालीही मीच करते! आता त्या रागाची लाज वाटते.

आजही सगळे माझ्याकडेच वह्या घेऊन आले. सवय, दुसरं काय. अकरा वह्या तपासल्या. डॉक्टरांनी भविष्यकाळात असे काही दात पाडलेत की बघवत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

चरित्राला सुरुवात! आणि काय खजिना हाती लागलाय! बाई स्वतःबद्दल कधी सरळ बोलायच्या नाहीत. पण पहिल्या वर्षी शुद्धलेखन घालायच्या, त्यात गोष्टी असायच्या. आधी इटालियन वाक्य, मग तेच मराठीत. मला सांगितलेली गोष्ट मला तोंडपाठ आहे: "संध्याकाळी पोचले. बर्फ पडत होता. गावात घरोघरी चष्म्याच्या फ्रेमी बनत. तिथे चार वर्षं राहिले." बाई इटलीत राहिल्या होत्या हे आम्हाला असंच कळलं. मला वाटलं होतं, तेवढंच.

आज डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "छे छे, चष्म्याचं गाव कुठलं? बाई नदीकाठी राहिल्या. चार वर्षं. पोचल्या त्याच रात्री दाढ ठणकायला लागली आणि एका म्हाताऱ्या डॉक्टरने फुकट काढून दिली. मला स्वतः सांगितलंय."

मग गाणारीला फोन. ती म्हणाली, "ए, नाही हां. त्या गायनशाळेच्या वरच्या खोलीत राहायच्या. तीन वर्षं. खिडकीतून ऐकून ऐकून गाणी पाठ झाली."

म्हणजे बाई तीन ठिकाणी राहिल्या! आणि आम्हाला प्रत्येकाला एकेकच सांगितलं! केवढं भरलेलं आयुष्य, आणि आमच्यासमोर सुती साडी नेसून खडू झटकत उभ्या राहायच्या.

मी ह्यांना ओरडून सांगितलं. आमचे हे शहर-बसचे ड्रायव्हर, रविवारी झोप हा त्यांचा धर्म. एक डोळा उघडून म्हणाले, "अगं, चार न् चार न् तीन. अकरा वर्षं. मग एकतीस वर्षं इथे शिकवलं कधी?"

"त्याआधी!"

"आणि त्याआधी लहान कधी होत्या?"

ह्यांना काही सांगण्यात अर्थ नाही.

११ फेब्रुवारी

वर्ग. डॉक्टरांना अकरा वर्षांचं सांगितलं तर ते खुर्चीतून उठलेच. म्हणाले, निमंत्रणपत्रिकेवर ठळक अक्षरात छापायचं, 'इटलीत अकरा वर्षे वास्तव्य'. ग्रंथपालांच्या डोळ्यांत भरायला हवं, म्हणजे नवा शिक्षकही त्याच तोडीचा हवा हे त्यांना कळेल. अगदी माझ्या मनातलं बोलले! मीही तेच धरून बसलेय. शिक्षक तिथे राहिलेला हवा. इटलीचं पाणी प्यालेला. नाहीतर बाईंच्या खुर्चीत बसायचा त्याला काय अधिकार?

आज दोन नवी माणसं चौकशीला आली होती. शिक्षक अजून ठरायचेत, असं सांगून परत पाठवणार होते, पण इतक्या लांबून जिना चढून आलेली. म्हटलं, बसा पाच मिनिटं. नमस्कार-चमत्कार, एक ते वीस आकडे, 'माझं नाव अमुक' एवढं शिकवलं. पाच मिनिटांचा सव्वा तास झाला. जाताना हसत होती बिचारी.

१५ फेब्रुवारी

पहिला उमेदवार! इटालियन जहाजावर सहा वर्षं स्वयंपाकी होता. मला इतका आनंद झाला की दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा काढून त्याला भेटायला गेले. भला माणूस. मी इटालियनमध्ये विचारलं, आपण कसे आहात? तो म्हणाला, "वांगी लवकर चिरा!" मी विचारलं, आपण कुठे राहत होता? तो म्हणाला, "पातेलं कोणी करपवलं?" त्यानंतर त्याने तीन शिव्या दिल्या, अतिशय शुद्ध उच्चारात. मग मराठीत म्हणाला, "ताई, एवढंच येतं. पण सहा वर्षं पुरलं."

घरी येऊन सांगितलं तर हे हसून हसून लोटपोट. म्हणाले, "ठेवून घ्या त्याला, वर्ग वेळेवर सुटेल."

दुसरा उमेदवार फोनवर म्हणाला की तो इटलीत राहिलाय. नऊ दिवस, सहलीत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुकानात आकाशपाताळ एक झालं. सकाळी साडेदहाला यंत्र बंद! घासायचं चाक खालीच येईना, पडद्यावर लाल अक्षरं, आणि बावीस चष्मे आज द्यायचे. मालकांचे हातपाय गळाले. इथल्या दुरुस्तीवाल्याने हात वर केले. शेवटी कंपनीच्या इटलीतल्या मेकॅनिकला व्हिडिओवर लावलं. त्याला इंग्रजी येईना आणि मालकांचं त्याला कळेना. मालकांनी फोन माझ्या हातात कोंबला.

चाळीस मिनिटं! एका हातात फोन, दुसऱ्या हातात स्क्रू-ड्रायव्हर. तो म्हणाला मागचं झाकण काढा, काढलं. पाण्याची नळी सोडवा, सोडवली. मी विचारलं, तुमच्या बाजूच्या चित्रात 'ते' चाक उजवीकडे फिरतं की डावीकडे? तो एकदम थांबला आणि हसायला लागला. मी म्हटलं, काय चुकलं? तर म्हणे, चुकलं काही नाही, पण 'कोदेस्तो' हा शब्द मी माझ्या आजोबांनंतर आज पहिल्यांदा ऐकला! बाईंनी आम्हाला तीन शब्द शिकवलेत: माझ्याजवळचं, तुझ्याजवळचं आणि दोघांपासून लांबचं. मधला शब्द आता तिकडे म्हातारेसुद्धा विसरले म्हणे.

मला इतका राग आला. म्हणजे मी आजोबांसारखी बोलते! शेवटी नळीत साचलेला काचेचा गाळ निघाला, यंत्र सुरू झालं. फोन ठेवताना त्याने विचारलं, "तुम्ही इथे कुठल्या शहरात राहत होता?" आवाज तुटत होता, मी 'नाही नाही' म्हणत राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात ही माणसं.

मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. बावीसच्या बावीस चष्मे गेले. हे सगळं मी वर्गात नक्कल करून सांगितलं, तर गाणारी म्हणाली, "काचताई, आणि तरी तुम्ही शिक्षक शोधताय?" मी म्हटलं, शोधतेय ना, उद्या एकाला फोन करायचाय. ती नुसती डॉक्टरांकडे बघत राहिली. दोघांचं काहीतरी खुसुरफुसुर चालू असतं हल्ली.

२१ फेब्रुवारी

पत्रिका छापून आल्या. सुंदर! 'इटलीत अकरा वर्षे वास्तव्य' हे ओळीच्या मध्यभागी. उद्या बाईंच्या भावाला पत्रिका द्यायला जाणार. चरित्रासाठी एखादा फोटो मिळाला तर बघू. नदीकाठचा मिळाला तर काय बहार येईल!

उमेदवार क्रमांक पाच नापास. त्याला इटालियन येत नाही. त्याच्या भावाला येतं.

२२ फेब्रुवारी, शनिवार

जे झालं ते सरळ लिहून काढते.

बाई त्यांच्या धाकट्या भावाबरोबर राहायच्या. काका सत्तरीचे, एकटे, पूर्वी टपाल खात्यात होते. मी पत्रिका दिली. त्यांनी चष्मा लावला (आमच्याच दुकानातला), वाचली, आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला. मी पाणी आणलं.

"अकरा वर्षं?" काका म्हणाले. "अगं पोरी, ताई अकरा दिवससुद्धा ह्या गल्लीबाहेर राहिलेली नाही. आई बावीस वर्षं अंथरुणाला खिळलेली. ताई वर्गाला जायची तेवढे दोन तास आईजवळ मी बसायचो. पारपत्राचा अर्ज तिने तीनदा भरला. एकदाही टाकला नाही."

मी म्हटलं, "मग इटालियन कुठे शिकल्या?"

"इथेच. पलीकडच्या घरात एक इटालियन म्हातारबुवा राहायचे. घड्याळं दुरुस्त करायचे. पुढे त्यांची दृष्टी गेली. त्यांना गावाकडून पत्रं यायची, ती वाचणार कोण? ताई जायची. अर्थ कळायचा नाही, नुसती अक्षरं वाचायची, आणि ते अर्थ सांगायचे. सहा वर्षं रोज. ते गेले तेव्हा हिला सगळी भाषा येत होती. त्यांच्यासारखीच, जुन्या वळणाची."

आजोबांसारखी! मेकॅनिक काय म्हणाला ते आता कळलं.

"पण काका, बाईंनी आम्हाला स्वतः सांगितलंय. नदीकाठी राहिले, बर्फ पडत होता..."

काका उठले, आतून पत्र्याचा डबा घेऊन आले. डब्यात पत्रं. सगळी बाईंच्या पहिल्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांची, जे पुढे तिकडे गेले. कोणी शिकायला, कोणी नोकरीला. एक जोडपं नदीकाठी राहिलं, नवऱ्याची दाढ ठणकली. दोन मित्र गायनशाळेच्या वर राहिले. तिघे भाऊ चष्म्याच्या कारखान्यात कामाला लागले, बर्फाच्या गावात. सगळं पत्रात लिहिलंय, इटालियनमध्ये, बाईंना दाखवायला की बघा, आम्हाला येतंय. आणि बाईंनी लाल शाईने त्या पत्रांतल्याही चुका दुरुस्त केल्यात!

बसमधून घरी येताना मी डबा पोटाशी धरून बसले होते. बाई आमच्याशी खोटं बोलल्या?

२३ फेब्रुवारी, रविवार

नाही! नाही! नाही बोलल्या!

पहाटे उठून माळ्यावरून माझी पहिल्या वर्षाची वही काढली. स्टूल डुगडुगत होतं, हे खालून "पडशील, पडशील" करत होते. नऊ वर्षांपूर्वीचं शुद्धलेखन. शेजारी मी देवनागरीत उच्चार लिहिलाय: 'सोनो आर्रिवाती'. त्यापुढे मराठी अर्थ: 'पोचले'.

आर्रिवाती! शेवटी 'ती'!

कोणाला सांगू, कशी सांगू, हसू की रडू! तिसऱ्या धड्यात बाईंनी शिकवलं होतं, घोकून घेतलं होतं. एकटी बाई पोचली तर 'आर्रिवाता'. पुष्कळ जण पोचले तर 'आर्रिवाती'. आणि 'सोनो' म्हणजे 'मी आहे'ही आणि 'ते आहेत'ही. पण आपल्या कानाला 'ती' ऐकू आलं की डोळ्यांपुढे बाईच उभी राहते. वर बाईंनी मराठीत सांगितलं 'पोचले, राहिले'. मराठीतही 'मी राहिले' आणि 'ते राहिले' एकच! बाई 'मी'ही म्हणाल्या नव्हत्या आणि 'ते'ही नाही. त्या नेहमी सांगायच्या, "क्रियापदात माणूस असतो, तो वेगळा सांगायची गरज नाही." माणूस होता ना क्रियापदात! आम्हीच चुकीचा पाहिला!

'रिमास्ती', राहिले. तीही 'ती'. पानभर 'ती'च 'ती'. बाईंनी प्रत्येकीवर लाल बरोबरची खूण केलीये. मी बरोबर लिहिलं होतं आणि वाचलं चूक.

डॉक्टरांना फोन केला, म्हटलं तुमची सोळा वर्षांपूर्वीची वही काढा. अर्ध्या तासाने फोन आला. "काचताई, 'ती'च आहे." गाणारी दोन मिनिटं नुसती किंचाळत होती. मग म्हणाली, "आपण सगळे किती मठ्ठ!"

काकांनाही फोन केला. विचारलं, आम्हाला काय वाटतं हे बाईंना माहीत होतं का? काका म्हणाले, "मी एकदा म्हटलं होतं तिला, सांगून टाक. तर म्हणाली, लक्ष देऊन वाचतील तेव्हा कळेल त्यांना."

नऊ वर्षं लागली मला, बाई. माफ करा.

२५ फेब्रुवारी

वर्गात आज भांडण. डॉक्टर म्हणतात, पत्रिका वाटून झाल्या, आता गप्प बसावं. "ग्रंथपालांना कळलं की बाई कधी गेल्याच नव्हत्या, तर ते म्हणतील एकतीस वर्षं कसला वर्ग चालवलात? खोली त्याच दिवशी जाईल. आणि आपलं नाक कापलं जाईल ते वेगळंच." त्यांचंही काही चूक नाही. शिक्षक मिळालेला नाही, वरून हे.

मी म्हटलं, खोटं वाचणार नाही. माझा आवाज इतका चढला की खालच्या मजल्यावरचे वाचक वर बघायला आले. मला स्वतःचंच आश्चर्य वाटलं.

मग कोणीतरी विचारलं, ते 'ता' आणि 'ती'चं पुन्हा एकदा सांगाल का? मी फळ्यावर लिहून सांगितलं. बारा जणांनी बारा वाक्यं केली. एकही चुकलं नाही! डॉक्टरांचंसुद्धा!

२८ फेब्रुवारी

सात उमेदवार झाले. शेवटचीला भाषा चांगली येते, चार वर्षं राहून आलीये. मी हुरळून गेले. तिला 'सोनो'चे दोन अर्थ शिकवून दाखवा म्हटलं, तर म्हणाली, "हे आपोआप येतं, शिकवायचं काय त्यात?" आणि घड्याळ बघायला लागली. तिला मंगळवार जमत नाहीत. शुक्रवारही नाहीत.

घरी येऊन मी सोफ्यावर धाडकन बसले. म्हटलं, संपलं. विणकामवाल्यांना खोली गेली. हे बाजूला बसून बूट काढत होते. म्हणाले, "मंगळवारी घरी यायला तुला आठ वाजतात, पूर्वी सव्वासात वाजायचे. कसला वर्ग चालतो एवढा, शिक्षक नसताना?"

"वर्ग कसला? मी वह्या बघते फक्त. आणि शंका असतात लोकांच्या. आणि नवे आलेत चार, त्यांना मुळापासून सांगावं लागतं."

"हं," हे म्हणाले. "बरं." आणि चहा टाकायला गेले. मी सांगत होते ते ऐकलं की नाही कोण जाणे.

२ मार्च, रविवार

सगळं लिहायचंय, एकही शब्द गाळायचा नाही.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत काका, ग्रंथपाल आणि वाचनालयाच्या समितीतल्या तीन बायका. मागच्या रांगेत आमचे हे, गणवेशातच, दोन फेऱ्यांच्या मधे आलेले. डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली, त्यांचा चेहरा पांढराफटक. मी उभी राहिले. इटालियनमध्ये पहिलं वाक्य वाचलं: आमच्या बाई इटलीला कधीही गेल्या नाहीत.

वर्गातले सोडून कोणालाच कळलं नाही. म्हणून तेच मराठीत सांगितलं. मग कळलं! कुजबुज सुरू झाली, पत्रिका उलटसुलट होऊ लागल्या. एकदा उडी मारली होती, आता पोहायचंच होतं. मी आंधळ्या घड्याळवाल्याचं सांगितलं. आईच्या अंथरुणाचं सांगितलं. पत्रांचा डबा उघडला. 'ता' आणि 'ती' सांगितलं, तेव्हा लोक हसायला लागले आणि काका रुमालात तोंड लपवून सगळ्यांत जास्त. मी म्हटलं, बाई आम्हाला स्वतःचं आयुष्य सांगताहेत असं आम्हाला वाटलं. त्या आपल्या विद्यार्थ्यांचं सांगत होत्या. त्यांना सांगण्यासारखं तेवढंच वाटत असावं. ज्या देशात त्या कधी गेल्या नाहीत, तिथे त्यांच्यामुळे सात माणसं राहून आली. दहाची पंचवीस मिनिटं झाली.

टाळ्या थांबल्यावर ग्रंथपाल उठले. म्हणाले, "बाईंबद्दल आम्हाला आदरच आहे. तो आज वाढला. पण समितीला उत्तर द्यावं लागतं. परवा मंगळवारी ह्या वर्गाला शिकवायला कोण उभं राहणार आहे?"

सात उमेदवार आठवले. वर्गातल्या कोणीतरी ऐनवेळी आठवा आणला असेल अशी वेडी आशा वाटली, कारण आमचे सगळेच्या सगळे एकाच दिशेला बघत होते. डॉक्टर, गाणारी, ती नवी चार माणसं. काकासुद्धा. कोण आलंय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

मी म्हणणार होते, मी तिकडे कधी गेलेच नाही, मला काय अधिकार. तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आत्ताच तर पंचवीस मिनिटं मी ह्याच वाक्याच्या चिंध्या केल्या होत्या, सगळ्या गावासमोर!

मागच्या रांगेतून हे ओरडले, "अगं, सांग की लवकर. माझी फेरी आहे सव्वासहाची!"

मी म्हटलं, "मी."

४ मार्च, मंगळवार

आज दुकानात दोन काचा उलट्या बसवल्या. मालक म्हणाले, जा, तुझं लक्ष नाही, घरी जाऊन तयारी कर. कसली तयारी, साडेचारलाच जाऊन खोलीत बसले. फळा तीनदा पुसला.

सतरा माणसं आली! पाच अगदी नवी. त्यांत एक शिंपी आजोबा, बोटाला अंगुस्तान तसंच. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "बाई, तुम्ही तिकडे कुठे राहिला होता?"

बाई! मला!

"कुठेच नाही," मी म्हटलं. "मी एकदाही गेलेले नाही. चालेल का?"

त्यांनी अंगुस्तान काढून खिशात ठेवलं.

"मलाही जायचं नाही हो," ते म्हणाले. "मुलाची मुलगी तिकडे जन्मली, तीन वर्षांची आहे. तिला आपलं येत नाही. रविवारी फोनवर दिसते, लांब उभी राहून बघते. तिला फक्त 'ये' म्हणायचंय. शिकवाल?"

मी फळ्यावर मोठं लिहिलं. व्येनी. आजोबांनी एकदा म्हटलं, दुसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणताना त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि आम्ही सतरा जणांनी, गाणारीने सर्वांत वरच्या पट्टीत, त्यांच्याबरोबर म्हटलं. खालून ग्रंथपाल वर आले, आवाज फार होतोय म्हणून. मी त्यांनाही म्हटलं, व्येनी, आणि ते आत येऊन बसले.

हजेरी घ्यायची राहूनच गेली.